पलीकडंशी बोलणं

माझ्या अम्मीला मराठीतला पहिला शब्द आला तोच मुळात चुकीचा आला. आम्ही वर्षानुवर्षं त्या चुकीवर पोट धरून हसलो. मग लढाई सुरू झाली आणि आमचं हसणं बंद झालं.

आधी अम्मी कोण ते सांगते. तिचे वडील इथलेच, कळंबच्या बाजूचे, निजामाच्या कचेरीत कारकून. निजामाचं राज्य बुडालं तेव्हा घाबरून बायकोला घेऊन कराचीला निघून गेले, आणि अम्मी तिकडं जन्मली. दिसायला देखणी आणि अंगात धिटाई मुलखाची, म्हणून वयात येते न येते तोच सिनेमात गेली. एका सिनेमात हिरॉईन, बाकीच्यांत हिरॉईनची बहीण नाही तर मैत्रीण. तिकडं पानाच्या दुकानांत तिचे फोटो लागायचे म्हणे. लहानपणी मला वाटायचं, अम्मी फेकते. पुढं कधीतरी तिचं एक जुनं गाणं एका मावसभावानं मोबाईलवर दाखवलं, तेव्हा माझी बोलतीच बंद झाली. तीच ती, डावा गाल कॅमेऱ्याकडं केलेली. उजव्या गालावर लहानपणच्या गळवाचा व्रण होता, म्हणून ती जन्मभर डावीकडूनच फोटो काढून घ्यायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा तिची मान वळलेली आहे, आणि अब्बा बिचारे तिच्या कानाकडं बघतायत.

अशी ही बाई एकदा नातेवाइकांना भेटायला कळंबला आली आणि अब्बांना बघून इथंच राहिली. अब्बांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. नखांत कायम ग्रीस. त्यांच्यात तिनं काय बघितलं ते अल्लाच जाणे. विचारलं की म्हणायची, "तेरे अब्बा मेरे को बघून टाळ्या वाजवत नव्हते. बस, एवढंच बघितलं."

लग्न इथं झालं, मी इथं झाले, पण तिचा कागद तिकडचाच राहिला. इथलं नागरिकत्व मागितलं तर फाईल कुठं अडकली ती अडकलीच. म्हणून मुदत संपत आली की राहायची परवानगी वाढवून घ्यायची. एक जुने हवालदार अधनंमधनं चौकशीला यायचे, चहा प्यायचे, "भाभी, बऱ्या आहात ना?" म्हणायचे आणि निघायचे. अब्बा वारले तेव्हा कब्रस्तानात त्यांच्या शेजारची जागा मोकळी होती. त्यानंतर अम्मीला आयुष्यात दुसरं काही नको होतं. मरायचं ते इथं, आणि पडायचं ते त्यांच्या शेजारी. मी नवऱ्याशी भांडून परत आले, ब्लाऊज शिवायला बसले, तेव्हापासून हे मी रोज ऐकत होते.

आता त्या शब्दाचं. अम्मी नवी नवरी असताना एकदा घरातलं मीठ संपलं. दादीनं, म्हणजे तिच्या सासूनं, आमच्या नेहमीच्या खिचडी भाषेत सांगितलं, "जा, पलीकडंसे मीठ ले के आ." अम्मीला वाटलं, पलीकडं हे बाईचं नाव. आमच्या मागच्या अंगणाची भिंत कमरेएवढी, आणि तिच्या त्या बाजूला लिंगायत व्यापाऱ्याचं घर. तिथली सून अंगणात डाळ पाखडत होती. अम्मीनं भिंतीशी जाऊन अदबीनं हाक मारली, "ओ पलीकडंजी!"

त्या सुनेला म्हणजे आमच्या अक्काला इतकं हसू आलं, की हातातलं सूप उलटलं. अक्काचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीला लागून, तीही इथं येऊन मराठी सुधारून घेत होती. अम्मीला काय चुकलं ते तिनं सांगितलंच नाही. उलट तीही अम्मीला "ए पलीकडं" म्हणायला लागली. पुढं कळलं तेव्हा दोघींनीही ते नाव सोडलं नाही. अब्बा चेष्टा करायचे, "कुठं आहे गं तुझी अम्मी?" आणि मी ओरडायचे, "पलीकडंशी बोलतीय!"

दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी रोज संध्याकाळी भिंतीशी उभ्या. अक्काचे कान गेले. घरातले लोक तिच्याशी घसा फोडून बोलायचे तरी तिला अर्धंमुर्धंच कळायचं. अम्मीचं मात्र सगळं कळायचं. अम्मी सिनेमातली, एकेक शब्द तोंड नीट उघडून बोलायची, आणि अक्का तिच्या ओठांवरून वाचायची. "माझे कान तिच्या तोंडात हायेत," अक्का सगळ्यांना सांगायची.

मग त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली. टीव्हीवर दिवसभर भोंगे वाजायला लागले आणि गावातल्या कुठल्यातरी शहाण्यानं अम्मीचं एक जुनं गाणं शोधून काढून मोबाईलवर सगळीकडं फिरवलं. त्यात ती फौजेत निघालेल्या नवऱ्याला निरोप देते आणि सुटणाऱ्या आगगाडीला सॅल्यूट ठोकते. खाली लिहिलं होतं, "शत्रूची नटी आपल्या गावात." ज्यांच्या मुलींच्या लग्नाचे ब्लाऊज मी शिवले, त्यांच्याही मोबाईलवर ते गेलं. दोघी-तिघी शिवायला टाकलेलं कापड तसंच परत घेऊन गेल्या. काय बोलायचं? माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्या गावाला ठाऊक, पण त्या आठवड्यात माझी दातखीळ बसली.

जुने हवालदार कधीच रिटायर झाले होते. आता साध्या कपड्यातला एक तरणा पोलीस यायला लागला. गुप्त बातमीच्या खात्यातला, नाशिककडचा, नुकताच बदलून आलेला. दिवसभर समोरच्या चहाच्या गाड्यावर बसायचा. आमच्याकडं कोण येतं, कोण जातं, बघायचा. आणि रोज सकाळी दारात येऊन मान खाली घालून म्हणायचा, "आजी, फोटो." ती घरातच आहे असा फोटो त्याला रोज वर पाठवायचा होता.

पहिल्या दिवशी अम्मी आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. मला वाटलं, रडत असेल. आली तर डोळ्यांत सुरमा, डोक्यावर पिस्ता रंगाची ओढणी. "इधर नक्को," ती पोलिसाला म्हणाली, "तोंडावर सावली पडती. वहां उभा राहा. डावीकडून घे." तो बिचारा मुकाट्यानं सरकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गेल्यावर मी तोंड सोडलं. "अम्मी, हा चोराचा फोटो काढतात तसा फोटो आहे! आणि तू नटतेस?"

"कॅमेरा आहे ना," ती म्हणाली. "कशासाठी आणलाय ते कॅमेऱ्याला कुठं माहीत?"

एकदा दुपारी तो पोलीस अक्काच्या घरी चौकशीला गेला. मी मागच्या पडवीत मशीनवर होते. अक्का बहिरी, त्यामुळं तिचं बोलणं नेहमी चार घरं ऐकू जाणारं. पोलिसानं तिच्या कानाशी ओरडून विचारलं, "म्हातारी कुणाशी बोलते?"

"पलीकडंशी बोलती की!" अक्का खुशीत म्हणाली. "रोज संध्याकाळी. एक दिवस चुकत न्हाय."

"काय बोलते?"

"समदं! गावात कोण आलं, कोण गेलं, बाजारात काय चाललंय. मनातलं काय बी लपवत न्हाय. लई जीव हाय तिचा पलीकडं."

मी मशीनवर बसल्या बसल्या हसले. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. लढाईच्या दिवसांत तेवढंच हसायला मिळालं, असं वाटलं.

पाच-सहा दिवसांनी अम्मीला धाराशिवला, जिल्ह्याच्या ऑफिसात बोलावणं आलं. एस्टीत तिनं खिडकीकडची जागा मागून घेतली आणि सगळा रस्ता बघत राहिली. ऑफिसात मला दाराबाहेर बाकावर बसवलं, पण दार उघडंच होतं. साहेबांनी आधी ते गाणं लावलं.

"हा सॅल्यूट कुणाला ठोकलाय?"

"कुणाला नाही साहेब," अम्मी म्हणाली. "समोर गाडीच नव्हती. एक माणूस कंदील धरून उभा होता. त्याच्याकडं बघून रड, बोले. त्यानं कांदा खाल्ला होता, म्हणून रडणं सोपं गेलं."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. "तुम्ही रोज पलीकडं बोलता, अशी माहिती आहे."

अम्मीचा चेहरा फुलला. आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिच्या माणसाचं नाव काढलं होतं. "हौ साहेब, रोज. तिच्याशी बोलल्याशिवाय घास उतरत नाही."

"कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हापासून."

"काय बोलता?"

"सगळं. घरातलं, गावातलं. तिच्यापासून काय लपवू?"

मी उठून आत घुसले आणि ओरडले, "साहेब, पलीकडं म्हणजे शेजारीण! आमच्या मागच्या घरातली अक्का!" शिपायानं मला दंडाला धरलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, ते मीठ, ती दादी, ते उलटलेलं सूप. ऐकताना मलाच वाटत होतं, किती खोटं वाटतंय हे.

साहेब वाईट माणूस नव्हते, हेच तर वाईट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "असेल तसं. मग त्या बाईंना घेऊन या. पलीकडं म्हणजे मी, असं त्यांना स्वतः सांगू द्या. मी लिहून घेतो आणि वर कळवतो. त्याशिवाय गेलेली माहिती मला परत घेता येत नाही. आणि मुदतवाढीचं सगळं आता त्यावरच आहे." अम्मीचा मोबाईल त्यांनी ठेवून घेतला. न सांगता घराबाहेर पडायचं नाही, असं बजावलं.

एवढंच तर करायचं होतं. एका म्हातारीनं एक वाक्य सांगायचं होतं. मी त्याच दिवशी वळसा घालून अक्काच्या पुढच्या दारी गेले. त्यांचं दार दुसऱ्या गल्लीत उघडतं. दारात तिचा मुलगा भेटला. त्याची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत आहे. लहानपणी आमच्याच दुकानात तो सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायला यायचा आणि अब्बा त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्यानं मला आत ये म्हटलं नाही.

"ताई, तुमचं खरं हाय," तो म्हणाला. "पण दिवस कसले हायेत बघा की. आईचं नाव त्या कागदावर गेलं तर उद्या मोंढ्यात मला कोण उभं करील?"

"अरे, एक वाक्य!"

"तिला सांगू नका. तिचा बीपी वाढतो."

मी त्याला नको नको ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी माणसं आणून त्यानं त्या कमरेएवढ्या भिंतीवर डोक्याच्याही वर जातील असे पत्रे ठोकले. अक्काला सांगितलं, माकडं फार झालीत. मी स्टुलावर चढून पत्र्यावरून डोकं काढलं तर खालून म्हणाला, "ताई, परत दिसलात तर मीच फोन करीन." पुढच्या दारानं गेलं की त्याची बायको सांगायची, सासूबाई झोपल्यात. चिठ्ठी टाकावी तर अक्काला वाचता येत नाही. पोलिसाला म्हटलं, तुम्हीच जाऊन परत विचारा, तर म्हणाला, जबाब साहेबांसमोरच द्यावा लागतो.

संध्याकाळी पत्र्याच्या त्या बाजूनं अक्काचा आवाज यायचा. "ए पलीकडं, रुसलीस का गं? बोल की. काय चुकलं माझं?"

अम्मी इकडून उत्तर द्यायची. पत्र्याला तोंड लावून, एकेक शब्द नीट फोडून. "नाही गं पलीकडं. मैं इथंच आहे." पण बहिऱ्या बाईला पत्र्याआडून काय ऐकू येणार? अक्का परत विचारायची. अम्मी परत सांगायची. अंधार पडला की अक्काची सून तिला आत घेऊन जायची. मी आयुष्यात पुष्कळ वाईट बघितलंय, पण त्या संध्याकाळी माझ्यानं सहन व्हायच्या नाहीत. मशीन जोरजोरात चालवायची आणि काही ऐकू येऊ द्यायचं नाही, एवढंच मी करायची.

लढाई थोड्याच दिवसांत थांबली. चौकात फटाके वाजले. फोटो मात्र चालूच राहिले. पोलिसाला मी विचारलं, "आता तरी?" तो आता आमच्याकडं पाणी मागून प्यायचा, इतका सवयीचा झाला होता. म्हणाला, "ताई, वरून काही आलं नाही. खरं सांगू? आजींची बॅग भरून ठेवा. एकदम निघा म्हटले तर धावपळ नको."

तिकडं अम्मीचं कुणी उरलं नव्हतं. भाऊ गेला, बहीण गेली. मी बॅग काढली, तिच्यासमोर ठेवली आणि मलाच रडू फुटलं. तिनं कपाटातून एकच वस्तू काढून आत घातली. तिनं स्वतःसाठी आणून ठेवलेलं कफनाचं कापड. "किधर भी लेके जाव," ती म्हणाली, "हे तर लागंलच."

त्यानंतर ती सुरमा घालेनाशी झाली. पोलीस आला की आहे तशी उठून दारात यायची. आणि एक दिवस त्यानं मोबाईल वर केला, तेव्हा तिनं मान वळवलीच नाही. सरळ उजवा गाल दिला, तो व्रणाचा. पोलिसालाही काहीतरी चुकल्यासारखं झालं असावं. "आजी, इकडून..." तो म्हणाला. ती म्हणाली, "ले ना बेटा. कुठूनही घे." तेव्हा मला कळलं की ही आता राहत नाही.

थंडी सुरू होता होता गेली. पहाटेची फजरची नमाज झाली, तिथंच आडवी झाली, ती उठली नाही. गल्लीतल्या बायका आल्या. शिवायला टाकलेलं कापड परत नेणाऱ्याही आल्या. आंघोळ घातली, बॅगेतलं कापड काढलं.

आणि तेवढ्यात दारात अक्का. गुडघे धरलेली ती बाई, दोन गल्ल्या भिंतीला धरून चालत आली होती. पुढच्या दारानं ती आमच्याकडं कधी आल्याचं मला आठवत नाही. मागून तिचा मुलगा. ती अम्मीजवळ बसली आणि तोंडाकडं बघत राहिली, जणू ओठ हलतील. "मला न सांगता गं? एवढी रुसलीस?"

मुलगा भिंतीशी उभा होता. त्याला काय झालं कुणास ठाऊक. तो वाकला आणि आईच्या कानाशी सगळं सांगायला लागला. तू पोलिसाला काय म्हणालीस, त्यांनी त्याचा काय अर्थ लावला, साहेबांनी तुला बोलावलं होतं, मी जाऊ दिलं नाही, पत्रे माकडांसाठी नव्हते. तिला ऐकू यावं म्हणून त्याला ते ओरडून सांगावं लागलं. एकेक वाक्य दोन-दोनदा. सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. त्याच्यावर मी काही महिने दात खाऊन होते, पण त्या वेळी मला त्याच्याकडं बघवलं नाही.

अक्कानं पदर डोक्यावर ओढला. तशीच बसून राहिली.

तेवढ्यात तो पोलीस आला, रोजच्यासारखा. गर्दी बघून दारातच बूट काढले. कितीतरी वेळ घुटमळला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, माफ करा. वर पाठवायला शेवटचा एक फोटो लागेल."

माझ्या जिभेवर काय काय आलं ते इथं लिहीत नाही. मी उठले, अम्मीच्या चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं.

"डावीकडून घ्या," मी म्हणाले.

त्यानं फोटो घेतला. तो हलला, म्हणून दुसरा घेतला. मोबाईल खिशात घालायला तो खाली बघतोय तोवर अक्कानं त्याचं मनगट पकडलं. कशी उठली कुणास ठाऊक.

"लिव्हा," ती ओरडली. "पलीकडं म्हंजे मी. म्या हाय पलीकडं. ती माझ्याशी बोलत हुती. लिव्हा की, साहेबाला सांगा."

"लिहितो, अक्का," तो म्हणाला.

त्याची मान खालीच होती. अक्काला त्याचे ओठ दिसले नाहीत. तिनं मनगट सोडलं नाही आणि ती परत पहिल्यापासून सांगायला लागली.